तोलाचं वजन

लिफ्टच्या परवान्याची काचेची चौकट एका बाजूनं सैल झालेली, तिचा खालचा स्क्रू अर्धा बाहेर आलेला, आणि त्या स्क्रूला अडकवलेली ती वासाची डबी – फिकट जांभळी, प्लॅस्टिकची, झाकणाला बारीक भोकं, साबणाच्या डबीची धाकटी बहीण म्हणावी एवढीशी – लिफ्ट हलली की हलायची आणि लिफ्ट थांबली तरी आणखी जरा वेळ हलत राहायची, जणू थांबल्याची बातमी तिला उशिरा पोचते. लिफ्ट चालवणारी ती डबीकडे बघत होती. तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई आपल्या मैत्रिणीशी कुजबुजत होत्या. पण लिफ्टमध्ये कुजबुज असं काही नसतंच, चार पत्र्याच्या भिंती सगळं परत आणून देतात.

"डबी लावून काय होणार? मूळ आहे तिथंच आहे."

मैत्रीण नुसती नाकातून 'हं' म्हणाली आणि मग त्या नाकाचं आपल्याला काय करायचं ते तिलाच कळेना म्हणून खोकली.

तिनं पितळी दांडा मागे घेतला, तिसरा मजला आला, लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन एका रेषेत आली – बोटभरही वरखाली नाही; ही जुनी लिफ्ट हातानंच थांबवावी लागते, आणि चौदा वर्षांत तिच्या लिफ्टमधून उतरताना कुणी ठेचकाळलेलं नव्हतं. मग तिनं आतलं जाळीचं दार ओढलं, मग बाहेरचं. बाहेरचं दार शेवटच्या वीतभर अंतरात अडतं, तिथं हिसका द्यावा लागतो. तो हिसका दिला की... बस, हिसका दिला की व्हायचं. थेंब, दोन थेंब, कधी चमचाभर. दिवसातून दोनशे वेळा तरी दार. तिनं मोजणं केव्हाच सोडलं होतं.

टायपिस्टबाई उतरताना "थँक्यू हं" म्हणाल्या. रोज म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. वाईट बाई नव्हती ती.

डबी सोमवारपासून होती आणि आज गुरुवार होता. कुणी लावली ते कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. तिच्यावर दिवसभर फुलांचा वास सांडत होता, कुठल्या फुलांचा ते त्या फुलांनाही सांगता आलं नसतं; आणि त्या वासाखाली जो दुसरा होता म्हणे, तो तिला येतच नव्हता. चार कपडे जास्तीचे बरोबर असायचे, कापसाच्या जाड घड्या असायच्या, दुपारच्या सुट्टीत त्या बदलून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, दुसऱ्या पिशवीत बांधून घरी न्यायच्या – सगळं बिनबोभाट. तरी कुणाला तरी येत होता. आपला वास आपल्याला येत नाही ही एक गंमतच आहे. जगाला वर्तमानपत्रासारखा वाचता येतो तो मजकूर नेमका आपल्या पाठीवर छापलेला. तिला राग यायला हवा होता. राग असतो त्या मजल्यापर्यंत ती जाऊनही आली. तिथं पाटी होती – बंद आहे.

नववा. सहावा. तळमजला. फायली घेतलेला एक माणूस, डबा विसरलेला एक माणूस, डबा विसरलेला तोच माणूस डबा घेऊन. पूर्वी अकरा वाजता पंधरा मिनिटं दांडा धरायला बदली माणूस यायचा, ती जागा गेल्या वर्षी भरलीच नाही, तेव्हापासून नऊ ते एक जागचं हलायची सोय नव्हती. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नसे. तोंड असं कोरडं पडे की मजल्यांचे आकडेही चिकटून बाहेर पडत.

सहा महिन्यांपूर्वी तिनं सुपरवायझरकडे बसायला स्टूल मागितलं होतं. का, असं त्यानं विचारल्यावर तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं होतं – गुडघे. त्यानं लगेच स्टूल दिलं. माणूस तसा कनवाळू. इतका कनवाळू की मंगळवारी त्यानं एक छापील अर्ज आणून तिच्या हातात ठेवला आणि डबीकडे बघत बघत सांगितलं, की तळघरात पार्सलखोलीत जागा झालीय, बसून काम आहे, वर्दळ नाही, तुमच्या गुडघ्यांना बरं पडेल, आणि मुख्य म्हणजे वर्दळ नाही. शुक्रवारी द्या भरून, म्हणाला. अर्ज एवढासाच होता. नाव, हुद्दा, किती वर्षं, आणि शेवटी एक लांबलचक रिकामी ओळ – बदलीचे कारण. तिनं बाकी सगळं भरलं होतं. पार्सलखोलीला खिडकी नव्हती. तिथं आधी जो म्हातारा होता तो स्वतःशी बोलायला लागला होता, असं म्हणत.

तशी तिला अजून एक आशा होती आणि ती आज दुपारी तीन वाजता होती. व्यायामाचे तीन महिने पुरे झाले होते. फिजिओबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तीन महिने नेमानं करा, मग तपासून बघू. गुण आला तर असंच पुढे चालू, नाही तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवू. तिनं नेम एकदाही चुकवला नव्हता. गुण आला असला तर अर्ज फाडून टाकायचा, असं तिनं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे असं वाक्य एकदा डोक्यातून गेलं होतं आणि तिनं त्याला अडवलं नव्हतं.

गुडघे हा शब्द तिचा नव्हता. तो घरातला होता.

सासूबाईंचे गुडघे. अकरा वर्षं त्या जिना उतरल्या नव्हत्या. लग्न नाही, बारसं नाही, दवाखाना नाही; कुणी बोलवायला आलं की तिचा नवरा दारातच सांगायचा – आईचे गुडघे, माहितेय ना – आणि येणारा जीभ चावून चुकचुकायचा. नात लहानपणी चित्र काढायची त्यात आजी खिडकीतच असायची, खालचा भाग भिंतीमागे. खिडकीत बसून सासूबाईंना सबंध गल्लीची खबर असे, कुणाचा गॅस संपला इथपर्यंत. आणि याच सासूबाई घड्याळाला किल्ली द्यायला स्टुलावर चढत – तरातरा, भिंतीचा आधारही न घेता – आणि उतरत. अशा वेळी घरातला प्रत्येक जण दुसरीकडे बघायचा. नवरा वर्तमानपत्रात, नात वहीत, ती भांड्यात. पहाटे न्हाणीघरात पाण्याचा आवाज यायचा, आणि दारामागच्या दोरीवर सासूबाईंचे आतले कपडे टॉवेलखाली वाळत असायचे, टॉवेल कोरडा, खालचं ओलं. हे तिनं लग्न होऊन आल्यापासून नाही, पण बरीच वर्षं पाहिलं होतं. न पाहण्यासारखं पाहिलं होतं.

दुपारी तिनं अर्धी रजा टाकली, दांड्यावर तात्पुरत्या माणसाला उभं केलं, आणि त्याला सांगितलं की चौथ्या मजल्यावर जरा आधी सोड, ती थोडी पुढे सरकते. त्यानं मान हलवली. तो सोडणार नव्हता, तिला माहीत होतं. आज चौथ्यावर लोक ठेचकाळणार होते.

दवाखान्यातल्या त्या खोलीत एक उंच पलंग, भिंतीवर बायकांच्या कमरेच्या आतलं रंगीत चित्र, आणि खिडकीला दुधी काच. फिजिओबाई म्हणजे पोरगीच, केसांना पेन खोचलेलं. पहिल्या दिवशी हिनंच ते चित्र दाखवून समजावलं होतं, की हाडांच्या खोबणीत खाली एक झोळी असते स्नायूंची, पुढून मागे ताणलेली, तिच्यावर सगळं पेललेलं असतं. बाळंतपणात ती सैल होते, वयानं होते, आणि तिला परत घट्ट करता येतं, हाताच्या दंडासारखंच. ती चित्राकडे बघत राहिली होती. सतरा वर्षांपूर्वी मुलगी चिमट्यानं ओढून काढली, टाके पडले, आणि तेव्हापासून कमरेच्या त्या भागाशी तिचं येणंजाणंच तुटलं होतं. दुखत नव्हतं. काहीच नव्हतं. शेजारच्यांचं कुलूप लावलेलं घर असावं तसं. त्यांच्याकडचं पाणी मात्र आपल्याकडे झिरपायचं. नवऱ्यानं एकदोनदा दार वाजवून पाहिलं आणि मग तोही सभ्य शेजाऱ्यासारखा राहू लागला.

"असं समजा ताई, तुमच्या आत एक लिफ्ट आहे," पोरगी म्हणाली होती. "तळमजल्यावरून ती हळूहळू वर न्यायची. पहिला मजला, दुसरा, तिसरा. तिथं धरायची, दहा आकडे. मग तशीच हळूहळू खाली."

तेव्हा ती हसली होती, बऱ्याच दिवसांनी. मी लिफ्टच चालवते, असं तिनं सांगितल्यावर पोरगी इतकी खूश झाली की म्हणाली, मग तुम्हाला शिकवायलाच नको.

आणि शिकवायला नकोच होतं. दिवसातून तीनदा, सकाळी अंथरुणात, दुपारी स्टुलावर, संध्याकाळी ओट्याशी. स्टुलावर सगळ्यात छान जमायचं, कारण लिफ्टच्या आत बसून आतली लिफ्ट चालवायची, दोन्ही एकदमच. लोक चढायचे, उतरायचे, कुणाला पत्ता नसायचा की ही बाई दोन लिफ्टी चालवतेय. तेवढ्या दहा आकड्यांपुरतं तिला आपलं काहीतरी गुपित, शाबूत असं, आहे असं वाटायचं.

आज पोरगीनं हातमोजा घातला, परवानगी विचारली, आणि म्हणाली, हं, न्या वर.

तिनं नेली. पहिला. दुसरा. चेहरा तापला, श्वास कोंडला, कपाळाची शीर उभी राहिली.

पोरगीनं बोट जरा सरकवून पाहिलं. मग म्हणाली, "थांबा ताई. परत एकदा." आणि मग, "तुम्ही नेमकं काय करता ते सांगाल?"

तिला आधी कळेना, यात सांगायचं काय. मग ती बोलू लागली, छताकडे बघत. नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात मेकॅनिकनं तिला गच्चीवरच्या मशीनखोलीत नेलं होतं. मोठं चाक, त्यावरून गेलेले दोर. दोराच्या एका टोकाला लिफ्ट, आणि दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या मागे, कुणाला न दिसणारं तोलाचं वजन, लोखंडी, लिफ्टएवढंच जड. बाई, लिफ्ट कुणी वर ओढत नसतं, मेकॅनिक म्हणाला होता. तोलाचं वजन खाली जातं म्हणून लिफ्ट वर येते. हे कायम डोक्यात ठेवा. आणि तिनं ठेवलं होतं. चौदा वर्षं ती दांडा फिरवताना भिंतीमागचं ते वजन खाली जाताना बघत आली होती. मग आतली लिफ्ट वर न्यायची तर... वजन खाली ढकलायला नको? म्हणून ती ढकलत होती. सगळा जोर लावून, खाली. तीन महिने, दिवसातून तीनदा.

पोरगीला हसू फुटलं. ते तिनं लगेच आवरलं, पण थोडं उशिरा, आणि मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"माझं चुकलं," पोरगी म्हणाली. "पहिल्या दिवशी तुमच्यावर हात ठेवून बघायला हवं होतं मी. ढकलल्यानं ताण उलट वाढतो. म्हणून कमी होत नसेल."

म्हणून कमी होत नव्हतं. म्हणून जरा वाढलंच होतं. हे ऐकून तिला काही वाटायला हवं होतं आणि ती त्याची वाट बघत पडून राहिली, जशी एखाद्या मजल्यावर दार उघडून वाट बघतो, घंटी तर इथलीच वाजली होती, पण बाहेर कुणी नाही. छतावर पाण्याचा एक डाग होता. त्याला कान होते.

पोरगीनं लिफ्ट रद्द केली. आता असं करा, म्हणाली, चारचौघांत बसलोय आणि वारा सरायला आलाय, तो आपण कसा आवळून धरतो, तसं. मग तेच पुढेही, लघवी अडवल्यासारखं. आणि मग ते सगळं आत, वर, ओठांनी एखादा दाणा टिपावा तसं. पोट सोडा. मांड्या सोडा. श्वास चालू ठेवा. तिनं केलं. काही झालं नाही. परत केलं. काही झालं नाही. तिसऱ्यांदा तिनं काही करायचं सोडूनच दिलं होतं, नुसता श्वास सोडला होता, तेव्हा पोरगी म्हणाली –

"आलं. कळलं का?"

"नाही."

"अगदी पापणी लवावी तेवढं. पण आलं. मला बोटाला कळलं."

"मला काहीच कळलं नाही."

"कळेल. पण आहे, ताई. गेलेलं नाहीये." मग तिनं केसातलं पेन काढून नव्या कागदावर लिहिलं, पुन्हा पहिल्यापासून तीन महिने, आणि दर पंधरा दिवसांनी मला दाखवायला या.

म्हणजे गुण आला नव्हता. पण आला नाही असंही नाही. अशा निकालाचं काय करायचं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. घरी जाताना ती पायीच निघाली. वाटेत चपलांचं दुकान लागलं, कुलपांचं लागलं, एका दारात दोघी बायका एकाच कुत्र्याला दोन नावांनी हाका मारत होत्या. तीन महिने आणखी. डबी आणखी तीन महिने. आणि चुकून गुण आलाच तर मूळ आहे तिथून गेलं हे टायपिस्टबाईंना कोण सांगणार, त्याची काही पाटी थोडीच लागते. त्यापेक्षा पार्सलखोली. पार्सलांना नाक नसतं. तिनं ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि ते बऱ्यापैकी विनोदी आहे असं ठरवलं, आणि जिना चढू लागली, कठड्याला धरून, एखादीचे गुडघे दुखत असावेत तशी.

घरात दिवे लागायचे होते. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत होता. सासूबाई खिडकीशी, मांडीवर उशीचा अभ्रा, उसवलेली शिवण घालत. तुझी लेक मैत्रिणीकडे गेलीय, म्हणाल्या, आणि समोरच्यांकडे नवा पंखा आलाय, आवाज करतो. तिनं पर्समधून दवाखान्याचा कागद काढला तर त्याला चिकटून अर्जही आला आणि टेबलावर पडला. तिनं चहाचं आधण ठेवलं. वळून बघते तर सासूबाईंनी भिंग घेतलं होतं आणि त्या एकेक ओळ वाचत होत्या, ओठ हलवत, आधी अर्ज, मग तो दुसरा कागद. तो दुसरा कागद त्यांनी बराच वेळ वाचला. त्यावर पोरगीनं सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"तळघरात जाणार तू?"

"बसून काम आहे, आई."

"ही ओळ रिकामी का?"

"भरायचीय."

"काय लिहिणार?"

पाण्याला उकळी येत होती. ती पाण्याकडे बघत राहिली. "गुडघे," ती म्हणाली.

सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं. अभ्रा घडी केला, सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, रीळ डब्यात, डब्याला झाकण. खाली समोरच्यांचा पंखा खरंच आवाज करत होता.

"माझे गुडघे नाहीत गं दुखत," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, गॅस संपल्याची खबर सांगावी तसा. "कधीच नाही दुखले. मला मूत राहत नाही. अकरा वर्षं झाली."

आतल्या खोलीत पेपराचं पान उलटता उलटता थांबलं. ते पुढे गेलं नाही, मागेही आलं नाही.

"बहीण गेली माझी, तेव्हा सहा तासांची गाडी होती. मध्ये एकदाच थांबते. ती आठ दिवस वाट बघत होती म्हणे, दर वेळी दार वाजलं की विचारायची, आली का. मी कळवलं, गुडघे." त्यांनी अर्ज टेबलावर परत सरकवला. "तू नको लिहूस ते."

ती गॅस बंद करायला हवा होता म्हणून हात पुढे करून उभी होती आणि हात तिथंच राहिला होता. रडू आलं नाही. ते यायला हवं होतं, कुणाच्याही सुनेला आलं असतं. तिला फक्त एवढंच कळलं की आपण मघापासून श्वास धरून उभ्या आहोत, कदाचित जिन्यापासून, कदाचित सोमवारपासून, आणि तो आता सुटतोय, आपणहून, कुणी न ढकलता. आणि तो सुटता सुटता खाली, फार खाली, त्या कुलूप लावलेल्या घरात, काहीतरी... आतून कुणी एकदाच, हळू, टकटक करावी आणि ऐकलं का म्हणून थांबावं, तसं. ते तेच होतं की नुसतं पोटातलं पाणी हललं, तिला सांगता आलं नसतं. ती पुन्हा वाजण्याची वाट बघत, न हलता उभी राहिली, आणि तिच्या पाठीमागे सासूबाई दवाखान्याचा कागद परत भिंगाखाली धरून पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या, मोठ्यानं, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.